पीएसजीच दरवर्षी जिंकणार असेल तर लीग 1 बघायची कशाला? एखादा खरंच चुरशीचा सीझन झालाय का?

हो, झालाय, आणि तो फार जुनाही नाही. तुम्ही विचारलंय की फ्रान्सच्या टॉप लीगमध्ये, म्हणजे लीग 1 मध्ये, पीएसजी (पॅरिस सेंट-जर्मेन) ही पैसेवाली एकच टीम असताना बाकीच्यांनी काय करायचं आणि नव्या माणसाने सुरुवात कुठून करायची. माझं उत्तर आहे 2011-12 चा सीझन, त्या वर्षी माँपेलिए नावाची छोटी टीम चॅम्पियन झाली. मी हा सीझन बऱ्याच जणांना सांगत असतो आणि ऐकणारा लगेच म्हणतो की अच्छा, म्हणजे गरीब टीमने श्रीमंत टीमला हरवल्याची परीकथा. मला ते अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी परिस्थिती समजून घ्या. 2011 च्या उन्हाळ्यात कतारच्या लोकांनी पीएसजी विकत घेतली. आज आपल्याला जी पीएसजी माहितीये ती तिथून सुरू झाली. लिओनार्दोला स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून आणलं आणि पालेर्मोकडून हावियेर पास्तोरेला 4.2 कोटी युरो देऊन उचललं, तोपर्यंत फ्रेंच क्लबने एवढे पैसे कुणासाठीच मोजले नव्हते. माँपेलिएचं अख्ख्या वर्षाचं बजेट याच्यापेक्षा कमी होतं, साडेतीन कोटी युरोच्या आसपास. म्हणजे स्टाफचे पगार, प्रवास, अकॅडमी सगळं धरून एका पास्तोरेएवढं सुद्धा नाही. आणि आदल्या सीझनला ही टीम चौदावी आली होती. 2009 मध्येच सेकंड डिव्हिजनमधून वर आलेली. सीझन सुरू होताना हे टायटल जिंकतील असं म्हणणारा माणूस शोधून सापडला नसता.

क्लबचा मालक लुई निकोलँ, सगळे त्याला लुलू म्हणायचे. धंदा कचरा उचलायचा, वडिलांनी सुरू केलेली कंपनी याने मोठी केली. 1974 पासून क्लब त्याच्याकडे, आणि तेव्हा ती खालच्या स्तरावरची टीम होती हो, तिथून त्याने वर आणली. प्रचंड देह, तोंडाला लगाम नाही, त्यावरून अनेकदा अडचणीत आलेला, पण क्लबवर जीव इतका की जुन्या जर्सी जमवून घरी म्युझियमच केलं होतं. अशा माणसाने सुमारे 37 वर्षं एका क्लबमध्ये स्वतःचा पैसा ओतला आणि तोवर लीगचं टायटल एकदाही नाही. 1990 चा फ्रेंच कप होता, त्या टीममध्ये एरिक काँतोना आणि लोराँ ब्लाँ खेळत होते, पण लीग नाही ती नाहीच.

आता मुद्द्यावर येतो, ही परीकथा का नाही ते. या टीमची अर्धी पोरं क्लबच्या स्वतःच्या अकॅडमीतली होती. युनेस बेलहांदा, रेमी काबेला, बेंजामिन स्तांबुली, अब्देलहमीद एल कौतारी, ही सगळी मुलं 2009 मध्ये एकत्र युथ कप जिंकलेली, तो गाम्बारदेला कप म्हणतात त्याला. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांचे असताना ज्यांना एकमेकांच्या पायाचा अंदाज आला होता तेच तीन वर्षांनी सीनियर टीममध्ये एकत्र खेळतायत. कॅप्टन मापू यांगा-म्बिवा, वय बावीस, तोही अकॅडमीचाच. हे एका रात्रीत होत नाही, त्यामागे वर्षानुवर्षं मुलं घडवण्याचं काम असतं आणि ते काम कुणी टीव्हीवर दाखवत नाही.

आणि बाहेरून जे आणले ते किती डोकं वापरून आणले बघा. ऑलिव्हिए जिरू, आर्सेनल बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. तो 2010 मध्ये तूर नावाच्या सेकंड डिव्हिजनच्या टीमकडून आला, साधारण 20 लाख युरोत. तिथे त्याने एका सीझनला 21 गोल मारून सेकंड डिव्हिजनचा टॉप स्कोअरर होऊन दाखवलं होतं, पण मोठ्या क्लबांना वाटलं की पोरगा उशिरा फुललाय, तेवीस वर्षांचा झाला तरी टॉप डिव्हिजनमध्ये खेळलेलाच नाही, कशाला रिस्क घ्या. 2011-12 मध्ये त्याने लीग 1 मध्येही बरोबर 21 मारले. पीएसजीच्या नेनेचेही 21, पण जिरूच्या गोलांमध्ये पेनल्टी कमी होत्या म्हणून टॉप स्कोअररचा मान त्याला मिळाला. पुढे हाच माणूस फ्रान्सकडून गोलांचा विक्रम असलेल्या थिएरी ऑन्रीच्याही पुढे गेला, 57 गोल.

दुसरा हिल्टन. ब्राझीलचा सेंटर बॅक, 33-34 वर्षांचा, मार्सेलमधून बाहेर पडलेला, सगळ्यांनी संपला म्हणून सोडून दिलेला. माँपेलिएने घेतला, आणि त्या सीझनला लीगमधल्या सगळ्यात भरवशाच्या डिफेंडरांपैकी एक ठरला. टीमने 38 मॅचमध्ये फक्त 34 गोल खाल्ले त्यात याचा आणि शेजारच्या यांगा-म्बिवाचा मोठा वाटा. एक चौतिशीला आलेला, दुसरा बावीस वर्षांचा, पोरगा धावून झाकायचा आणि म्हातारा आधीच योग्य जागी उभा असायचा. हिल्टन तिथेच 2021 पर्यंत खेळला, त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत! मला या अख्ख्या टीममधला सगळ्यात आवडता खेळाडू विचाराल तर जिरू नाही, हिल्टन.

कोच रने जिरार, स्वतः 1982 चा वर्ल्ड कप खेळलेला मिडफिल्डर. त्याची टीम नाजूक वगैरे खेळायची नाही. मागे घट्ट, मधे भांडखोर, बॉल मिळाला की लवकर पुढे जिरूकडे, त्याने पाठीवर डिफेंडर घेऊन बॉल धरायचा आणि बेलहांदा, काबेला, उताका, कामारा यांनी आजूबाजूने पळत यायचं. ऐकायला साधं वाटतं पण जिरू ज्या पद्धतीने बॉल थांबवून एका टचमध्ये दुसऱ्याला देतो ना, ते रोखणं भल्याभल्यांना जमलं नाही.

लोक अजून एक म्हणतात की पीएसजी त्या वर्षी गडबडली म्हणून हे जिंकले. थोडं खरं आहे, पूर्ण नाही. गडबड अशी की अंतोन कोंबुआरे कोच असताना पीएसजी हिवाळ्याच्या सुट्टीला पहिल्या नंबरवर होती आणि तरी डिसेंबरच्या शेवटी त्याला काढून टाकलं, कारण मालकांना मोठं नाव हवं होतं, मग कार्लो अँचेलोत्ती आला. जानेवारीत थियागो मोट्टा, मॅक्सवेल, अलेक्स आले. सीझनच्या मधोमध कोच आणि तीन-तीन मोठे खेळाडू बदलले की घडी बसायला वेळ लागतोच. पण तरीसुद्धा पीएसजीने 79 पॉइंट काढले, त्याच्या आदल्या वर्षी लिल 76 वर चॅम्पियन झाली होती, त्याच्या आधी मार्सेल 78 वर. म्हणजे ही पीएसजी आदल्या दोन्ही वर्षी चॅम्पियन झाली असती. माँपेलिएने 82 काढले! समोरचा पडला म्हणून हे जिंकले असं म्हणणाऱ्यांना मी हेच आकडे दाखवतो. गंमत म्हणजे पीएसजी हरली कमी, पाचच मॅच, माँपेलिए सहा हरली. फरक ड्रॉमध्ये पडला, पीएसजीचे दहा आणि माँपेलिएचे सात. ज्या मॅच हातातून निसटायच्या त्या माँपेलिएने जिंकून घेतल्या, इतकंच.

सप्टेंबरमध्ये पीएसजीने यांना यांच्याच मैदानावर 3-0 धुतलं होतं. तेव्हा सगळ्यांनी म्हटलं असणार, झालं, जागा दाखवून दिली. फेब्रुवारीत पॅरिसला परतीची मॅच, माँपेलिए शेवटपर्यंत 2-1 ने पुढे, आणि अगदी शेवटी पीएसजीच्या ओआरोने गोल करून 2-2 केलं. ती मॅच मिळाली तर बघाच. ड्रॉ झाला पण तिथून कळायला लागलं की हे लोक मागे हटणारे नाहीत.

मग मे महिना. 1 मेला घरच्या मैदानावर एव्हियाँशी मॅच, 2-2 असताना अगदी शेवटी पेनल्टी मिळाली, कामाराने मारली आणि हुकली. वर बेलहांदा समोरच्या मोंगोंगूशी भिडला आणि रेड कार्ड घेऊन बसला. म्हणजे दोन पॉइंट गेले आणि टीमचा सगळ्यात कल्पक खेळाडूही गेला. या ठिकाणी बहुतेक छोट्या टीम कोसळतात, आणि मला वाटतं टायटल खरं तर इथून पुढे जिंकलं गेलं.

13 मेला समोर लिल, आदल्या वर्षीचे चॅम्पियन, एडन अझारसारखा स्टार त्यांच्याकडे. नव्वद मिनिटं झाली, स्कोअर 0-0. आता हिशोब बघा, ड्रॉ झाला असता तर शेवटच्या मॅचला जाताना माँपेलिए पीएसजीच्या फक्त एका पॉइंटने पुढे असती. इंजुरी टाइमचं चौथं मिनिट चालू. बॉल जिरूकडे आला बॉक्समध्ये. लीगमधला टॉप स्कोअरर, चौऱ्याण्णवावं मिनिट, कुणीही स्ट्रायकर असता तर डोळे मिटून मारला असता. त्याने नाही मारला. डिफेंडर अंगावर असताना बॉल धरला, वाट पाहिली आणि करीम ऐत-फानाला दिला, तो मोकळा होता. गोल. ऐत-फाना हे नाव तुम्ही बहुतेक ऐकलंही नसेल, त्याच्या करिअरमधला सगळ्यात मोठा क्षण हाच. मी तो गोल परत परत बघितलाय आणि दर वेळी जिरूने घेतलेला तो एक क्षणच बघत राहतो. 1-0, तीन पॉइंटची लीड, लिल शर्यतीतून बाहेर.

20 मे, शेवटचा दिवस. माँपेलिए ओसेरच्या मैदानावर आणि पीएसजी लोरियाँला. ओसेर आधीच खाली गेलेली टीम, 1980 पासून टॉप डिव्हिजनमध्ये होती, कोच गी रूच्या काळात 1996 ला चॅम्पियन झालेली, बत्तीस वर्षांनी रेलिगेट झाली. त्यांचे फॅन्स रागाने पेटलेले होते, आणि त्यांचं दुःखही खरं होतं. माँपेलिएला ड्रॉ पुरेसा होता, पण गोल डिफरन्स (मारलेले वजा खाल्लेले गोल) दोघांचाही सेम, 33! म्हणजे हरले आणि तिकडे पीएसजी जिंकली तर खेळ खलास.

आणि विसाव्या मिनिटाला ओसेरच्या ऑलिव्हिए कापोने गोल केला. आता कल्पना करा त्या बेंचवर काय चालू असेल. बत्तिसाव्या मिनिटाला नायजेरियाच्या जॉन उताकाने बरोबरी केली. मग ओसेरच्या प्रेक्षकांनी मैदानावर टॉयलेट पेपर, अंडी, टेनिस बॉल, फ्लेअर असं काय काय फेकायला सुरुवात केली आणि मॅच दोनदा थांबवावी लागली. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. तिकडे लोरियाँची मॅच संपली, पीएसजी 2-1 ने जिंकली, त्यांनी त्यांचं काम केलं, आणि आता सगळा फ्रान्स एकाच मैदानाकडे बघतोय जिथे खेळापेक्षा साफसफाई जास्त चाललीये. पाय थंड पडतात अशा वेळी, डोकं भरकटतं. शहात्तराव्या मिनिटाला उताकानेच दुसरा मारला. 2-1, आणि तिथेच संपलं. सीझनच्या शेवटी दोन्ही टीमचा गोल डिफरन्स अजूनही सेमच, 34. तीन पॉइंटचाच सगळा खेळ.

निकोलँने आधी शब्द दिला होता की टायटल आलं तर डोक्यावर क्लबच्या रंगात मोहॉक करीन. केला! निळा-केशरी, सत्तरीकडे झुकलेला माणूस, माँपेलिएच्या मोठ्या चौकात हजारो लोकांसमोर. 2017 मध्ये तो गेला, आपल्याच वाढदिवशी. त्याने हा दिवस बघितला याचं मला मनापासून बरं वाटतं.

पुढचं थोडक्यात सांगतो कारण ते तितकं आनंदाचं नाही. जिरू त्याच उन्हाळ्यात आर्सेनलला गेला, यांगा-म्बिवा पुढच्या जानेवारीत न्यूकॅसलला, मग बेलहांदा कीव्हला, काबेला न्यूकॅसलला, स्तांबुली टॉटनहॅमला. चॅम्पियन्स लीगमध्ये ग्रुपमध्येच शेवटचे, सहा मॅचमध्ये दोन पॉइंट. जिरारही 2013 मध्ये गेला. ऑक्टोबर 2014 मध्ये मोसाँ नदीला पूर आला आणि त्यांचं स्टेडियम पाण्याखाली गेलं. आणि 2024-25 मध्ये टीम शेवटच्या नंबरवर राहून खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. पीएसजीला 2013 पासून 2025 पर्यंत फक्त दोनदा अडवलं गेलं, 2017 ला मोनाकोने आणि 2021 ला लिलने. तेही सीझन चांगले आहेत, मोनाकोचा तर एम्बापेसाठी बघावाच, पण मोनाकोकडे त्यांच्या मालकाचे पैसे होते. माँपेलिएसारखं परत घडणं मला आता फार अवघड वाटतं, कारण 2012 ची पीएसजी अजून उभी राहत होती, नंतरची उभी राहिलेली होती. आणि आता अशी पोरं तीन वर्षं एकत्र ठेवायलाच कुणी देत नाही, एक चांगला सीझन झाला की इंग्लंडचा क्लब दारात.

तर तुम्ही सुरुवात अशी करा. आधी फेब्रुवारीची पॅरिसमधली 2-2 ची मॅच शोधा, मग एव्हियाँविरुद्धची ती पेनल्टी, मग लिलविरुद्धचा शेवटच्या मिनिटाचा गोल आणि मग ओसेर. याच क्रमाने बघा, ओसेरची आधी बघितलीत तर एव्हियाँच्या पेनल्टीला काही अर्थच राहणार नाही. आणि गोल बघून झाल्यावर एकदा नुसतं हिल्टनकडे लक्ष ठेवून बघा, तो कुठे उभा राहतो ते.