साखर भरली, तरी तोडणी का थांबते?

या महिन्यात द्राक्षतोडणीविषयी आलेल्या पत्रांना दिंडोरी परिसरातील एक वाइनमेकर उत्तरे देत आहेत.

प्रश्न : आमच्याकडे थॉमसन या खायच्या द्राक्षाचा माल 18 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे 100 ग्रॅम रसात साधारण किती ग्रॅम साखर) व्यापारी उचलतो. शेजाऱ्यांची शिराझ ही लाल वाइनची द्राक्षे मात्र 22 ब्रिक्सवर गेली, तरी वायनरीची माणसे ‘अजून थांबा’ म्हणतात आणि इकडे घडांचे वजन घटत जाते. हे थांबणे नेमके कशासाठी?
— एक बागायतदार, निफाड

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, कारण थांबण्याचा फायदा वायनरीला होतो आणि तोटा बागायतदाराला. वजनावर भाव ठरवायचा आणि वर थांबायलाही सांगायचे, हे मला पटत नाही. घटीची भरपाई दरात मिळाली पाहिजे.

आता कारण सांगतो. रसात लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखर असली, की आंबल्यावर साधारण एक टक्का अल्कोहोल तयार होते. त्या हिशेबाने 22 ब्रिक्सला साखर पुरेशी झालेली असते. परंतु लाल वाइन सालींसह आणि बियांसह आंबवली जाते, आणि साल व बी पिकली की नाही हे साखर मोजणारे रिफ्रॅक्टोमीटर सांगत नाही. बी हिरवी असताना तोडलेल्या शिराझची वाइन जिभेला कच्च्या सुपारीसारखी धरते.

फ्रान्समध्ये तोडणी बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, म्हणजे दिवस थंडावत असताना द्राक्ष पिकते. आपल्याकडे फळासाठीची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, मणी थंडीत वाढतो आणि मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे तो मऊ पडून पिकू लागल्यावर, विशेषतः उशिरा छाटलेल्या बागांत, ऊन रोज चढत जाते. उन्हाने साखर झपाट्याने भरते, आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल जळते, आणि बी मात्र मागे राहते. लवकर तोडावे तर तुरटपणा, उशिरा तोडावे तर आम्ल उतरून वाइन बेचव होते व बिघडण्याचा धोका वाढतो. मधले योग्य दिवस मोजकेच असतात. म्हणून मी रोज सकाळी ओळीच्या उन्हाच्या आणि सावलीच्या अशा दोन्ही बाजूंनी, घडाच्या खांद्यापासून शेंड्यापर्यंतचे शे-दोनशे मणी गोळा करतो, त्यांच्या रसाची साखर व पीएच मोजतो आणि उरलेले मणी बियांसकट चावून पाहतो. बी तपकिरी होऊन दाताखाली कडकन फुटली, की मजुरांच्या टोळीला दुसऱ्या दिवशी पहाटेचा सांगावा जातो. पहाटेचा, कारण उन्हात तापलेले घड क्रेटमध्येच रस सोडू लागतात.

या हिशेबात मीही चुकलो आहे. एका मार्चमध्ये केवळ बियांसाठी चार दिवस थांबण्याचे ठरवले आणि तिसऱ्या रात्री अवकाळी पाऊस आला. मणी तडकले, घडांना आंबूस वास येऊ लागला आणि निवडताना बराच माल फेकून द्यावा लागला. त्या बागायतदाराला तोंड दाखवणे जड गेले. आता ढग दिसले, की बी थोडी हिरवी असली तरी तोडणी लावतो आणि टाकीत रस साली-बियांसोबत ठेवण्याचे दिवस कमी करतो, म्हणजे हिरवा तुरटपणा फारसा उतरत नाही.

शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची गोष्ट वेगळी आहे. पांढऱ्या वाइनसाठी घड दाबून रस लगेच वेगळा करतात, त्यामुळे बियांची वाट पाहण्यापेक्षा आम्ल टिकवणे महत्त्वाचे ठरते आणि ती 20-21 ब्रिक्सच्या सुमारास तोडली तरी चालते.

प्रश्न : वाइनची द्राक्षे धुऊन घेतात का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : सहसा नाही, कारण धुतल्यावर घडात अडकलेले पाणी रसात मिसळून तो पातळ होतो. मात्र त्यामुळेच शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठरलेले दिवस सोडले पाहिजेत, आणि फवारणीची नोंदवही पाहिल्याशिवाय मी माल आत घेत नाही.

प्रश्न : द्राक्षे अजूनही पायांनी तुडवतात का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्याकडे हंगामात पर्यटकांसाठी तसा कार्यक्रम होतो आणि त्यात मजाही येते. माझ्या टाक्यांत जाणारी द्राक्षे मात्र देठ काढून, मणी फोडणाऱ्या यंत्रातून जातात.