क्युरासाओहून निघण्याआधी

चि. पुतणीस,
अनेक आशीर्वाद.

कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाओ बेटाहून पनामाला निघालेल्या शिडाच्या बोटीवर तू चढणार, तेही जानेवारीत, हे तुझ्या आईकडून कळलं. (मला तू सांगायला हवं होतंस. असो.) साधारण 700 सागरी मैल, पाच-सहा दिवस, वारा बहुतेक पाठीमागून. कुणीही म्हणेल, चैन आहे पोरीची. मला मात्र त्या पाठीमागच्या वाऱ्याचीच धास्ती वाटते.

आपल्याकडे कोकणात दुपारी खारा वारा, पहाटे मतलई. शीड सारखं इकडचं तिकडे करावं लागतं, म्हणून माणूस जागा राहतो. तिकडचा व्यापारी वारा महिनोन्‌महिने पूर्वेकडूनच येतो. आणि पाठीवर घेतला की लपतो. वारा 22 नॉटचा (म्हणजे ताशी 22 सागरी मैल), बोट त्याच्याच दिशेने 7 नॉटने पळतेय, म्हणजे डेकवर तुला जाणवणार फक्त 15. दोरीवरचा शर्ट फडफडतो, सगळं झकास. बोटीचं तोंड वाऱ्याकडे वळवलंस की तोच वारा 27च्या आसपास अंगावर येतो.

मी हे शिकलो ते क्युरासाओशेजारच्या बोनेअर बेटाच्या पश्चिमेला. संध्याकाळी मोठं शीड पुरतं उघडं ठेवलं, कारण जेवण गरम होतं आणि रीफ घ्यायचा, म्हणजे शीड थोडं खाली घेऊन लहान करायचा, कंटाळा आला होता. रात्री दोनच्या सुमाराला मागचे तारे विझू लागले. आधी क्षितिजाजवळचे, मग त्यांच्या वरचे. दहा मिनिटांत वारा 35 वर. शीड खाली ओढायला गेलो, तर ते डोलकाठीच्या बाजूच्या तारांवर असं दाबून बसलेलं की तसूभर हलेना. बोट वाऱ्यात वळवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि वळता वळता पहिलीच लाट कॉकपिटात, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या खोलगट जागेत. शीड उभं फाटलं. पुढचा अख्खा दिवस मी सुईदोरा घेऊन बसलो होतो.

तेव्हा सूर्य बुडायच्या आत एक रीफ. आकाश कितीही स्वच्छ असो, कप्तान हसला तर हसू दे. बूमच्या (शिडाच्या खालच्या आडव्या काठीच्या) टोकापासून नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, प्रिव्हेंटरचा दोर बांधलेला आहे ना, हे पहाऱ्याच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला हात लावून बघ. तो नसेल आणि लाटेने बोटीचा मागचा भाग फिरवला, तर बूम डोक्याच्या उंचीवरून या बाजूचा त्या बाजूला जातो. आणि केबिनमधून बाहेर पाय टाकायच्या आधी हार्नेस (बोटीला बांधून ठेवणारा पट्टा) अडकव, नंतर नाही.

कोलंबियाचं ग्वाहिरा द्वीपकल्प ओलांडलं की वारा आणखी चढतो. सांता मार्ताची सिएरा नेवादा ही डोंगररांग किनाऱ्यापासूनच वर उठते, 5,700 मीटरच्या वर. तिला वळसा घालताना वारा आवळला जातो. जानेवारी-फेब्रुवारीत तर त्याचा जोर फारच. बार्रांकिय्याजवळ मॅग्डालेना नदी समुद्राला मिळते. तिथे पाणी दुधाच्या चहासारखं होतं आणि त्यातून ओंडके वाहत येतात, आणि रात्री ओंडका दिसत नाही. मुखापासून किती मैल बाहेरून जाणार, ते कप्तानाला निघण्याआधीच विचार. उत्तर लगेच आलं नाही, तर दोघं नकाशा घेऊन बसा.

पनामातल्या कोलोनच्या बंदरात शिरताना एक गफलत आपल्या लोकांची हमखास होते. मुंबईत आत येताना लाल बोया (वाट दाखवणारे तरंगते खुणेचे पिंप) डाव्या हाताला ठेवायची सवय. अमेरिका खंडात उलट, लाल उजव्या हाताला. पाच रात्रींच्या अपुऱ्या झोपेनंतर हात जुन्याच सवयीने वळतो. चिठ्ठी लिहून सुकाणूपाशी चिकटव.

डोलणाऱ्या बोटीत पातेल्यात काही शिजवू नकोस. कुकरचं झाकण बसलेलं असतं, सांडत नाही. मी सगळ्या सफरी खिचडीवर काढल्या. हिंगाची डबी इथूनच ने, आणि दोन पिशव्यांत बांध, नाहीतर कप्तान तुला क्युरासाओलाच उतरवेल.

तुझा,
काका