आधी दुधाचं दुकान शोध, मग स्टायपेंड बघ

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला आणि ती एक्सेल शीटपण उघडून बघितली. क्रिएटिव्ह रायटिंगच्या एमएफएसाठी, म्हणजे लिखाणातल्या मास्टर्ससाठी, अमेरिकेतल्या तीन युनिव्हर्सिट्या, एक न्यूयॉर्कची, एक साऊथची, एक मिडवेस्टची, आणि पुढे कॉलम काय काय तर रँकिंग, फॅकल्टी, स्टायपेंड, किती वर्षांचा कोर्स, जुन्या विद्यार्थ्यांची किती पुस्तकं आली. सगळं नीट भरलंयस. फक्त ज्या गावात तू दोन-तीन वर्षं राहणार आहेस त्या गावाला एक कॉलम नाही. खाली एका ओळीत लिहिलंयस की साऊथवाल्या ठिकाणी गाडी लागेल असं सिनियर म्हणाली पण ते नंतर बघता येईल. नाही गं, ते नंतर बघता येत नाही. त्या एका ओळीसाठी मी हे एवढं मोठं पत्र लिहायला बसलेय.

तुला लिहिता येतं की नाही, तिकडे जमेल की नाही, ह्यात मी शिरणारच नाही. तीन ठिकाणी घेतलंय ना, मग तो विषय संपला.

आधी न्यूयॉर्कचं उरकते. अर्धी ट्यूशन माफ म्हणजे फंडिंग नव्हे, ती सवलत झाली. उरलेली ट्यूशन, तिथलं भाडं, इन्शुरन्स, हे सगळं बाबांच्या कराडच्या घरावर कर्ज काढून, आणि मग पुढे काय? एमएफए झाल्यावर तुला ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीचे, बारा महिने मिळणार, क्रिएटिव्ह रायटिंग स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत, येत नाही त्यामुळे इंजिनियर पोरांना वरचे जे चोवीस महिने मिळतात ते तुला नाहीत. तुझ्या आतेभावानं कर्ज फेडलं म्हणतेस, पण तो डेटा सायन्सवाला आहे, त्याचा हिशोब तुला लागू होत नाही. हप्ता डोक्यावर असला की माणूस कादंबरी लिहीत नाही, मिळेल ते काम धरतो, हे मी माझ्या अगदी जवळच्या लोकांचं बघितलंय आणि त्यातले काही फार चांगलं लिहायचे.

न्यूयॉर्क पायी फिरायला भारी आहे, सबवे रात्रभर चालते, मान्य आहे. पण माझी पहिली अट पैशाचीच आहे. ट्यूशन पूर्ण माफ, दर महिन्याला हातात पैसे, आणि हेल्थ इन्शुरन्स. ह्या तीन गोष्टी नसतील तर ते गाव कितीही सुंदर असू दे. कॉर्नेल पूर्ण फंडिंग देतं, मिशिगन देतं, सिरॅक्यूज देतं, ऑस्टिनचं मिचनर सेंटर तर शिकवायलाही न लावता देतं. तेव्हा लेखक व्हायला पैसे मोजावेच लागतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

आता खरा प्रश्न. साऊथवाले वर्षाला २६ हजार डॉलर देतायत, मिडवेस्टवाले २०, आणि तू लिहितेस, ताई, सहा हजार डॉलरचा फरक खूप आहे. रुपयात गुणून बघितलंस ना? तिथेच घोळ होतो. स्टायपेंडमधून गाव वजा करायचं असतं, आणि मग जे उरतं तो तुझा स्टायपेंड.

वजा कसं करायचं ते सांगते. ट्रिपल ए नावाची मोटारवाल्यांची संघटना दरवर्षी हिशोब काढते की अमेरिकेत नवी गाडी बाळगायला वर्षाला किती लागतात. २०२४ साली तो आकडा १२ हजार डॉलरच्या वर होता. त्यात घसाराही धरलेला असतो आणि तू काय नवी गाडी घेणार नाहीस, कुणाची तरी जुनी कोरोला घेशील, तर निम्म्यात भागेल असं धरू. गेले की सहा हजार. संपला तुझा फरक, आणि अजून तू गाडी शिकलेलीही नाहीस. तुला स्कूटी येते. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं, लायसन्स कोरं, क्रेडिट हिस्टरी शून्य, म्हणून इन्शुरन्सवाले जास्तच लावणार. गाडीचे पैसे ऑगस्टमध्ये उतरल्या उतरल्या हवेत, आणि पहिला पगार बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरात होतो. समज ट्रान्समिशन गेलं, हजार-बाराशेचं बिल आलं, तर ते कुठून आणशील? एफ-वन ह्या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं आणि ते २० तास तुझ्या टीएशिपमध्येच, म्हणजे स्टायपेंडच्या बदल्यात शिकवायच्या कामातच, भरतात. बाहेर कॅफेबिफेत काम करायची परवानगीच नाही. म्हणजे वरकड पैसा यायला वाटच नाहीये. जिला वरकड मिळवता येत नाही तिनं वरकड खर्च लागणारं गाव निवडू नये, एवढं साधं आहे हे, आणि तरी दरवर्षी कुणीतरी मला विचारतं.

(टॅक्सचं विचारलंयस म्हणून इथेच सांगून टाकते. भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम २१ मुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक रकमेची सरसकट वजावट, मिळतं, बाकी बहुतेक देशांच्या पोरांना ते नाही, तेव्हा फॉर्म भरताना सोडू नकोस. पण ते दोन्हीकडे सारखंच, त्यानं तुझी निवड बदलत नाही.)

माझी परीक्षा एकच आहे. तुझ्या बजेटात बसेल अशा घरातून निघायचं, पायी, आणि दूध-कांदे घेऊन अर्ध्या तासात घरी परत. जमतंय का? जमत असेल तर पुढचं बोलू. कॅम्पस सुंदर आहे, झाडं आहेत, व्हिडिओत पोरं हिरवळीवर बसलीयत, ते मला नको सांगूस. कॅम्पस सगळीकडेच पायी फिरता येतं. कॅम्पसवर तू राहणार नाहीस. दूध कुठे मिळतं ते सांग.

मी शिकले ते गाव साऊथमधलंच, नाव घेत नाही. फंडिंग पूर्ण होतं, दुसरीकडून कुठूनच नव्हतं, म्हणून गेले, आणि परत तशी वेळ आली तर परत तिथेच जाईन पण कर्ज काढणार नाही. तुझ्यासमोर आहेत तसे दोन पर्याय माझ्यासमोर नव्हते, हे लक्षात ठेवून पुढचं वाच. माझं अपार्टमेंट सहा लेनच्या रस्त्याला लागून होतं. समोर किराणा दुकान खिडकीतून दिसायचं आणि तिथवर जाता यायचं नाही, सिग्नल लांब, फुटपाथ बँकेसमोर सुरू व्हायचा आणि बँक संपली की संपायचा. बस संध्याकाळी बंद. वर्कशॉप, म्हणजे एकमेकांच्या कथांवर बोलायचा वर्ग, मात्र रात्रीचं. मग लिफ्ट. लोक चांगले होते, कुणी कधी नाही म्हटलं नाही, पण लिफ्ट घेणाऱ्या माणसाला स्वतःची निघायची वेळ नसते, दुसरा उठला की आपण उठायचं. एकदा एक मोठा कवी रीडिंग, म्हणजे जाहीर वाचन, झाल्यावर थांबला होता, चार-पाच जण भोवती, मला त्याला अनुवादाबद्दल काहीतरी विचारायचं होतं, पण मला सोडणाऱ्या मुलीचा सकाळी आठचा क्लास होता आणि ती पर्स घेऊन दारात उभी होती. निघाले. तो कवी आता नाही. ते न विचारलेलं मला अजून खुपतं, आणि त्यात त्या मुलीचा काडीचाही दोष नाही.

आणि अजून एक. त्या काळातल्या माझ्या कथा काढून बघ, सगळी माणसं खोलीत बसून बोलतायत. कुणी बाहेरच पडत नाही. वर्कशॉपमध्ये एकानं विचारलंही होतं, ही लोकं कुठे जात का नाहीत. कुठे जाणार? मीच जात नव्हते. तू तर कराडच्या एसटी स्टँडवरची भांडणं कानानं उचलून आणणारी मुलगी आहेस, तुझ्या अर्जातल्या दोन्ही कथा लोकांचं बोलणं ऐकून झाल्यात, तुला गाडीच्या काचा वर करून दोन-तीन वर्षं काढायचीयत का? गाव पायाखाली नसेल तर कानाला काय मिळणार?

उलटं उदाहरण हवं तर आयोवा सिटी बघ. रायटर्स वर्कशॉप, म्हणजे तिथला एमएफए, १९३६ पासून आहे. ते ज्या डे हाऊसमध्ये भरतं तिथून प्रेअरी लाइट्स हे पुस्तकांचं दुकान चालत दहा-पंधरा मिनिटांवर, रीडिंग्ज त्याच दुकानात होतात, पलीकडे पेड मॉल ह्या फक्त पायी चालायच्या रस्त्यावर किराणा, आणि युनिव्हर्सिटीची कॅम्बस नावाची बस फुकट, ती चालवणारेही बहुतेक विद्यार्थीच. दिलीप चित्रे १९७५ ते ७७ आयोवात होते ते वर्कशॉपमध्ये नव्हे हं, इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राममध्ये, लोक नेहमी ह्या दोन्हींत गल्लत करतात. त्या प्रोग्रामला अजूनही दर फॉलला जगभरचे लेखक येतात आणि त्यांच्याकडेही गाड्या नसतात, ते त्याच रस्त्यांवर पायी हिंडत असतात, त्यामुळे ते भेटतात. अपॉइंटमेंट न घेता भेटतात. ह्याची किंमत तुझ्या एक्सेलमध्ये कुठल्या कॉलमला बसते सांग बरं? शँपेन-अर्बानाही बघ, तिथे एमटीडीच्या, म्हणजे गावच्या, बसमध्ये युनिव्हर्सिटीचं कार्ड दाखवलं की झालं, आणि गावातूनच शिकागोची ट्रेन मिळते.

आता मी आंधळेपणानं बोलतेय असं नको वाटायला. पायी फिरता येणारं गाव बऱ्याचदा महाग असतं. मी मिशिगनमधल्या ॲन आर्बरला राहते, इथलं भाडं बघून रडू येईल, कारण दुकानं, लायब्ररी, शनिवारचा केरीटाउनचा बाजार, सगळं चालत जवळ आहे म्हणूनच तर सगळ्यांना इथे राहायचंय. मग रूममेट बघायची, खोली छोटी घ्यायची, पण लांबचं स्वस्त घर घेऊन गाडी नाही घ्यायची. इथाकाला नकाशावर मैलभर दिसतं आणि प्रत्यक्षात तो उभा चढ असतो, खालच्या बाजारातून पिशव्या घेऊन वर कॉर्नेलला चढून बघावं. सिरॅक्यूजला वर्षाला सरासरी तीन मीटर बर्फ पडतो. वॉक स्कोअरच्या साइटवर पायी फिरायला किती सोयीचं ह्याचा गावाला नंबर मिळतो, तो बघ जरूर, पण त्या नंबरात चढ नीट कळत नाही, आणि जानेवारीत फुटपाथवरचा बर्फ कोण काढतं हे तर त्यात नाहीच. तुझ्या मिडवेस्टच्या गावात थंडी कडाक्याची असणार, बूट आणि जाड कोट ह्यांवर पहिल्याच वर्षी पैसे घाल, तिथे काटकसर नको.

आईला रात्रीचं टेन्शन आहे असं लिहिलंयस. बरोबर आहे तिचं. पण तिला सांग, ज्या रस्त्यावर दुकानं उघडी आहेत, माणसं चालतायत, तिथून रात्री दहाला घरी येणं वेगळं, आणि ओसाड हायवेच्या कडेनं एकटीनं येणं वेगळं. रात्री मुलांना घरी सोडणारी शटल बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत असते, ती किती वाजेपर्यंत आहे आणि कुठल्या भागापर्यंत येते तेवढं विचारून घे.

फॅकल्टीवर तू फार अडकलीयस. साऊथला त्या कादंबरीकार बाई आहेत म्हणून. अगं, त्या पुढच्या वर्षी सबॅटिकलवर गेल्या तर? लेखक-प्राध्यापक सुट्टीवर जातात, नोकरी बदलतात, मला हव्या होत्या त्या बाई मी पोचले त्याच वर्षी रजेवर गेल्या. रस्ते रजेवर जात नाहीत.

मी अजूनही गाडी घेतलेली नाही. भाऊ म्हणतो हा नुसता हट्ट आहे, अमेरिकेत इतकी वर्षं काढून बसस्टॉपवर उभी राहतेस. आहे हट्ट. त्या हट्टापायी मी दोन बऱ्या नोकऱ्या नाकारल्या, कारण त्या गावांत परत तीच लिफ्ट मागायची होती, आणि घरचे त्यावरून अजून बोलतात. पण दुसरं पुस्तक ह्याच गावात झालं, बसमध्ये, बाजारात, घरी चालत येताना झालं, त्या नोकऱ्या घेतल्या असत्या तर ते झालं नसतं असं मी छातीठोकपणे सांगते. पगार जास्त असता, हो. असू दे. पण माझं राहू दे, तुझं बघू.

मिडवेस्टच्या कोऑर्डिनेटरला आज मेल टाक. विचार की २० हजार नऊ महिन्यांचे की बारा, उन्हाळ्यात काही मिळतं का, ट्यूशन माफ झाल्यावरही ज्या फीया भराव्या लागतात त्या किती, आणि मला एखाद्या इंटरनॅशनल विद्यार्थ्याचा मेल द्या ज्याच्याकडे गाडी नाही. असा विद्यार्थीच नसेल तर तेही उत्तरच समज आणि मला कळव. असेल तर त्याला विचार, तू कुठे राहतोस, किराणा कुठून आणतोस, रविवारी बस असते का, मे महिन्यात पोरं घरी गेली की बस कमी होतात का. कोथिंबीर, पोहे, तूरडाळ हे पण विचार, लाजू नकोस, इंडियन स्टोअर नेमकं शहराबाहेरच्या मॉलमध्ये असतं. आणि हो, दुसरीकडून २६ ची ऑफर आहे हे त्यांना सभ्यपणे कळव, वाढवता येईल का विचार. नाही म्हणतील फार तर. ह्यात काही गैर नाही, तिकडे सगळे करतात.

कुणी घाई करत असेल तर १५ एप्रिल लक्षात ठेव. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव आहे, त्यावर सही केलेल्या युनिव्हर्सिट्यांना फंडिंगच्या ऑफरचं उत्तर त्याआधी मागता येत नाही. तुझ्या दोन्ही युनिव्हर्सिट्या त्या यादीत आहेत का ते आधी बघ. साऊथवाल्यांना इतक्यात काही कळवू नकोस, मिडवेस्टचं फंडिंगचं पत्र लेखी हातात आल्यावरच कळव, आणि न्यूयॉर्कला आजच नाही म्हण, वेटलिस्टवरचं कुणीतरी ताटकळत असेल.

तू पाठवलेल्या दोन अपार्टमेंटपैकी दुसरं नको, नकाशात ते हायवेच्या पलीकडे दिसतंय. पहिल्याचं भाडं थोडं जास्त आहे पण कोऑप दुकान चार गल्ल्यांवर आहे. त्या मालकाला विचार हीटिंग भाड्यात धरलंय का, आणि बाबांशी बोलायचं असेल तर शनिवारी तुमच्या रात्री मी फोनवर आहे.

ताई