किनाऱ्याजवळ समुद्रात तेलासाठी ड्रिलिंग करू द्यावं का?

तुम्ही विचारलंय की किनाऱ्याजवळ तेलासाठी ड्रिलिंग करू द्यावं का, अन् विरोध करणारे कोळी लोक विकासाच्या आड येऊन राहिलेत का. मी वणी तालुक्यातला शेतकरी, समुद्र आमच्यापासून पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पण माझ्या वावराच्या धुऱ्याला लागून कोळशाची खाण आहे म्हणून हा वाद मला परका वाटत नाही.

तेल काढूच नये असं माझं म्हणणं नाही. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, डिझेल महागलं की नांगरटीचा भाव वाढते. मुंबई हाय हे अरबी समुद्रातलं तेलक्षेत्र १९७४ ला सापडलं, किनाऱ्यापासून जवळपास १६० किमी आत, तिथला गॅस उरणला आला आणि अलिबागजवळचा थळचा युरिया कारखाना त्याच गॅसवर उभा राहिला, म्हणजे आमच्या पराटीलाही त्याचा फायदा झालाच.

पण धोका नाही असं कोणी सांगू नये. २७ जुलै २००५ ला मुंबई हायलाच एक जहाज तेल काढायच्या प्लॅटफॉर्मवर आदळलं, गॅसची पाइप फुटून आग लागली, २२ माणसं गेली. २०१० ला मेक्सिकोच्या आखातात विहीर फुटली ती ८७ दिवस वाहत होती, अमेरिकेनं तिथल्या आपल्या पाण्यापैकी एक तृतीयांशाहून जास्त भागात मासेमारी बंद केली होती.

अन् एवढा मोठा अपघात निदान जगाला दिसते, रोजचं नुकसान कोणालाच दिसत नाही. समुद्राखाली तेल कुठं आहे ते शोधायला सर्व्हेचं जहाज दाबाच्या हवेचे बार काढत फिरते, तेवढे दिवस जाळी उचला म्हणतात, आणि हे काम समुद्र शांत असतानाच होते म्हणजे नेमकं मासेमारीच्या हंगामात. पुढं मासळी घटली तर ती सर्व्हेनं घटली हे कोळ्यानं सिद्ध करायचं कसं? आमच्याकडे तेच झालं, खाण यायच्या आधी विहिरींची पातळी कोणी मोजून ठेवली नाही, आता पाणी खाली गेलं तर साहेब म्हणतात आधी किती होतं त्याचा कागद दाखवा.

पैशाचं तर अजूनच वाकडं आहे. जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी राज्याला मिळते, पण घटनेच्या कलम २९७ प्रमाणे समुद्राखालचं खनिज केंद्राचं, म्हणून तिथली रॉयल्टी दिल्लीला जाते. कोळशाला २०१५ पासून जिल्हा खनिज निधी आहे, रॉयल्टीच्या १० किंवा ३० टक्के वेगळे भरावे लागतात, तो खर्च कुठं होते यावर आमची भांडणं चालूच असतात पण कायद्यानं निदान मागता तरी येते, समुद्रातल्या तेलाला असा निधी लागूच नाही.

म्हणून किनाऱ्याजवळच्या नवीन ब्लॉकला, म्हणजे तेल शोधायला द्यायच्या समुद्राच्या पट्ट्याला, मी आज तरी नाही म्हणतो. आधी प्रत्येक बंदरावर दोन-तीन हंगामाची मासळी सरकारनं मोजून लिहून ठेवावी, अन् कोळ्यांसाठी असाच निधी कायद्यात घालावा, मग परवानगीचं बोलू.