अमरावतीहून दादरला राहायला आलोय. इथली हॉटेलं आणि मुंबईतले खाद्यमहोत्सव यांतलं काय चुकवू नये?

तुम्ही लिहिलंय की बायको शाकाहारी आहे, तुम्हाला मासे खायला शिकायचंय, आणि महोत्सवांत नुसती गर्दी नि लूट असते असं ऑफिसातले लोक सांगतात. तिन्हींवर लिहितो. माझं आयुष्य दादर-माहीम पट्ट्यात गेलंय, त्यामुळे माप थोडं या बाजूला झुकणार. पार्ले-बोरिवलीकरांनी चालवून घ्यावं.

इथला माणूस हॉटेलात जातो तो ठरलेल्या पदार्थासाठी आणि ठरलेल्या वेळेला. प्रत्येक ठिकाणी एक-दोन गोष्टी अशा असतात की त्या त्यांनीच कराव्यात. बाकीचं कार्ड हे आलेलं गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून छापलेलं असतं. त्यामुळे नावांबरोबर वेळाही सांगतोय, त्या मनावर घ्या.

शिवाजी पार्काजवळच्या 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा खायचा. पण टेकल्या टेकल्या ऑर्डर देऊ नका. आधी विचारा, "नवा घाणा कधी निघतोय?" दहा मिनिटं लागतील म्हणाले तर दहा मिनिटं थांबा. कढईतून नुकता निघालेला वडा बोटाने दाबला की वरचं कवच कुडकन तुटतं, आतून वाफ येते, साबुदाणा मऊ झालेला असतो पण लगदा झालेला नसतो आणि दाण्याचं कूट दाताखाली येतं. हाच वडा गार झाला की चिवट होतो. मग लोक दोन घास खाऊन म्हणतात, "एवढं काय आहे त्यात?" सोबत पियूष मागवा. श्रीखंड ताकात घुसळून त्याला जायफळ-वेलचीचा वास लावलेला असतो. दोघांत एक पुरे, त्यानंतर रात्रीचं जेवण फार मागे जातं. शनिवार-रविवारी संध्याकाळी जाऊ नका. कामाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला बसायला जागा मिळते आणि घाणेही लागोपाठ निघत असतात.

सेनाभवनासमोर १९८६ पासून 'आस्वाद' आहे. त्यांच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला आणि तेव्हापासून दारातली रांग काही हटली नाही. आता खरं सांगू का, अमरावती-नागपूरच्या तर्रीवर वाढलेल्या माणसाला ही मिसळ सौम्यच वाटणार. रांगेत उभे राहिलातच तर थालीपीठ आणि लोणी मागवा, मिसळ दोघांत एक घ्या आणि पुरस्कार कशाला मिळाला यावर घरी जाऊन वाद घाला. आमच्याकडे तो अजून मिटलेला नाही.

वडापावाबद्दल मी फार लिहीत नाही, प्रत्येक दादरकराचा आपला एक गाडा असतो आणि बाकीचे सगळे भिकार. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी पहिला वडापाव विकला असं मानलं जातं, तेव्हा दुसऱ्या गावाशी या बाबतीत चर्चाच नको. कीर्ती कॉलेजजवळचा चुरा घातलेला वडापाव एकदा खाऊन बघा. नुसता बटाटेवडा हवा असेल तर स्टेशनजवळ मामा काणे आहेत, १९१० पासून.

बायकोला एका सकाळी लवकर उठवून माटुंग्याला न्या. 'रामाश्रय' १९३९चं, 'कॅफे मद्रास' १९४०चं. रविवारी नऊ वाजता पोचलात तर अर्धी मुंबई तुमच्या पुढे उभी असेल. कामाच्या दिवशी सात-साडेसातला जा, फक्त सोमवार टाळा, कॅफे मद्रास बंद असतं. रसम वडा, नाचणीचा डोसा, आणि रामाश्रयमध्ये पायनॅपल शिरा. टेबलावर अनोळखी माणसं समोर येऊन बसतील. त्यात काही वावगं नाही, तुम्हीही तसंच बसायचं. खाणं संपल्यावर रेंगाळायचं मात्र नाही, पाठीमागे उभ्या माणसाची नजर मानेला जाणवते.

इराणी हॉटेलांतही वेळेचं तसंच. ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या १९१४च्या 'मेरवान'चे मावा केक सकाळीच संपतात. बॅलार्ड इस्टेटचं 'ब्रिटानिया' हे दुपारच्या जेवणाचं ठिकाण, संध्याकाळी बेरी पुलाव खायला म्हणून गेलात तर कुलूप बघून परत याल.

आता मासे. दादर पश्चिमेला 'सिंधुदुर्ग' आणि 'चैतन्य' आहेत, दोन्हीकडे मालवणी जेवण चांगलं मिळतं. काट्यांची भीती असेल तर क्रम लावून घ्या. पहिल्यांदा तळलेला बोंबील. ओला बोंबील मुळात पाण्याने भरलेला असतो, तो चिरून वजनाखाली दाबून ठेवतात, मग मसाला लावून रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवून तळतात. मधला काटा इतका मऊ की तसाच खाल्ला तरी चालतो. मग सुरमईची तुकडी, मग पापलेट. नंतर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं; त्यात काट्यांचा प्रश्नच नाही, नुसती शिंपली चोखायची. बांगडा महिनाभराने, आणि कर्ली तर इतक्यात नकोच. तिच्यात काटे एवढे की आमच्या घरातले जाणतेसुद्धा ती खाताना बोलत नाहीत.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या काळात हॉटेलात मोठं पापलेट मिळालं तर ते बर्फातलं, हे गृहीत धरा. शिकायची सुरुवात नारळी पौर्णिमेनंतर करा, चव कळेल आणि पैसेही वाया जाणार नाहीत.

महोत्सवांबद्दल तुमच्या ऑफिसातले लोक निम्मे बरोबर आहेत. ज्याला इंग्रजी नाव, तिकीट, स्टेज आणि सेल्फीसाठी उभी केलेली कमान असते, तिथे खायला जाऊ नये. अशाच एकीकडे, नाव सांगत नाही, आधी कुपनं विकत घ्यायला लावली, आत निम्मे स्टॉल नऊ वाजताच संपले आणि उरलेल्या कुपनांचे पैसे परत नाहीत म्हणाले. काळा घोड्याच्या महोत्सवाला जरूर जा, पण चित्रं आणि गाणं यांसाठी. जेवून जा.

जिथे रांधणारे हात स्टॉलवर समोर दिसतात, ते महोत्सव वेगळे. त्यातला माझा सगळ्यांत आवडता 'महालक्ष्मी सरस'. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, म्हणजे 'उमेद'चा हा कार्यक्रम. जिल्ह्याजिल्ह्यांतले महिला बचत गट माल आणि चुली घेऊन येतात. अलीकडे तो थंडीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएच्या मैदानावर भरताना पाहिलाय. तारखा दरवर्षी बदलतात, जाहिरातीवर लक्ष ठेवा. तुम्ही तिथे गेलात की पाय आपोआप सावजीच्या नाहीतर झुणका-भाकरीच्या स्टॉलकडे वळतील. तो मोह आवरा, ते तुम्हाला घरी मिळतं. खानदेशचा स्टॉल शोधा आणि ताटाची घाई न करता मांडे करणाऱ्या बाईसमोर उभे राहा.

चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं असतं. पीठ एवढं सैल मळलेलं की आपल्या हातात आलं तर ओघळून जाईल. त्यात पुरणाचा मोठा गोळा भरून ती आधी दोन्ही तळव्यांवर फिरवते, मग मनगटांवर, मग पार कोपरापर्यंत घेते. पोळी स्वतःच्याच वजनाने दोन्ही बाजूंनी लोंबत वाढत जाते, आतलं पुरण वरून दिसू लागतं पण फाटत नाही. मग एका झटक्यात खापरावर. क्षणभर वाटतं की आता नक्की दुमडणार, आणि ती सपाट पडलेली असते. मी एकदा विचारलं की हे शिकायला किती दिवस लागतात. मावशी म्हणाल्या, "सासू जवळ उभी असली की लवकर येतं." हा मांडा दूध-तुपाबरोबर खा, आणि बायकोला सोबत कटाची आमटीही घ्यायला सांगा. हे काम हॉटेलात का होत नाही ते बघूनच कळतं. एका पोळीला एक माणूस आणि एक चूल अडकून पडते, कुठल्या मालकाला परवडेल?

अशा ठिकाणी कामाच्या दिवशी, उघडल्यावर लगेच जावं. शेवटच्या रविवारी गेलात तर भरीत संपलेलं असतं आणि बायका दमलेल्या असतात. एक रिकामा डबा बरोबर ठेवा, चटण्या आणि शेवेचे लाडू प्लास्टिकच्या पिशवीत लोकलमधून आणणं हा वेगळाच छळ.

माशांसाठी वेसाव्याचा, म्हणजे वर्सोव्याचा कोळी सीफूड फेस्टिव्हल. हाही थंडीतलाच. नाव इंग्रजी असलं तरी माझा मघाचा नियम इथे लागू होत नाही. स्टॉलवर कोळीवाड्यातल्याच बायका असतात, नेसलेल्या लुगड्यात आणि दागिन्यांत, आणि भाव केलात तर उत्तरही कोळीवाड्यातलंच मिळेल. इथे मुद्दाम कालवण खा आणि दादरच्या मालवणी आमटीशी ताडून पाहा. मालवणी आमटीत ओल्या नारळाचं वाटण असतं, बांगड्यासारख्या माशाला तिरफळाचा वास असतो. कोळ्यांच्या कालवणात नारळ कमी किंवा अजिबात नाही, सगळी भिस्त त्यांच्या मसाल्यावर आणि चिंच-कोकमावर. त्यामुळे माशाची स्वतःची चव जास्त कळते. तांदळाची भाकरी गरम असतानाच संपवा. बायकोला मात्र इथे नेऊ नका. शाकाहारी माणसाला इतक्या वासात उभं करणं म्हणजे संसारात विनाकारण भांडण लावून घेणं.

मालवणी जत्रोत्सव थंडीत उपनगरांतल्या मैदानांवर होतात. तिथे कोंबडी-वडे खा. वड्याच्या पिठात तांदळाबरोबर उडीद, हरभऱ्याची डाळ, धणे, मेथी असं बरंच काही असतं, म्हणून त्याची पुरी होत नाही. बायकोसाठी काळ्या वाटाण्याची आमटी आहे, तीही वड्यांबरोबर तितकीच लागते. मालवणी खाजं बांधून घ्या. दशावतार लागला असेल तर उशिरापर्यंत थांबा, नाहीतर साडेनऊला निघा.

डिसेंबरात तुमच्या घरापासून चालत जाता येईल अशी माहीमची जत्रा. मखदूम फकीह अली माहीमी यांच्या दर्ग्याची, दहा दिवसांची. पहिला संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, पोलिसांचा असतो, माहीम पोलीस ठाण्यातून वाजतगाजत निघतो. इथे हलवा-पराठा खायचा. एकेक पराठा लहानशा गोल टेबलाएवढा असतो, तो तोडून वजनावर देतात, वर रव्याचा केशरी हलवा. तेलकट आहे, तक्रार करू नका, वर्षातून एकदाच खायचाय. हा हलवा आणि मिठाईच्या दुकानांत कागदात घालून विकतात तो चपटा माहीम हलवा यांचा काही संबंध नाही. तो वर्षभर मिळतो, अमरावतीला नेण्यासाठी तोच बरा. सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा असते, तिथून पेराड, म्हणजे पेरूची वडी, आणि कडियो-बोडियो, म्हणजे गुळात घोळवलेल्या पिठाच्या कुरकुरीत कांड्या, आणा. बाकी गर्दीच.

रमजानमध्ये मिनारा मशिदीच्या गल्लीत जायचं असेल तर एक सूचना. सगळे रात्री दहाला पोचतात, त्या वेळी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. इफ्तार आटोपली की साधारण साडेसात-आठला पोचा किंवा सरळ मध्यरात्रीनंतर जा. तुम्हाला नल्ली निहारी आणि खिचडा. बायको जिलबीचा थाट बघून मालपुव्याकडे वळेल, तेव्हा तिला आधी सांगून ठेवा की तिथल्या मालपुव्यात अंडं असतं. तिच्यासाठी मातीच्या सकोऱ्यातली फिरनी घ्या. सुट्टे पैसे जवळ ठेवा आणि गाडी अजिबात नेऊ नका. मस्जिद बंदर किंवा सँडहर्स्ट रोडला उतरून चालत जा, परतीच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवा.