सब्स्ट्रेट म्हणजे अंथरूण!

प्रश्न असा आला आहे: "अतिपातळ पदार्थाखालच्या सब्स्ट्रेटमुळे त्याचे फेज ट्रान्झिशन बदलते, हे मराठीत कसे लिहू? मी 'पार्श्वभूमीमुळे स्थित्यंतर' असे लिहिले आहे."

(फेज ट्रान्झिशन म्हणजे पदार्थाने एक अवस्था सोडून दुसरीत जाणे, जसा पाण्याचा बर्फ होतो.) पार्श्वभूमी नको हो! पार्श्व म्हणजे कूस, बगल. सब्स्ट्रेट म्हणजे जिच्यावर पातळ थर वाढवतात ती खालची वस्तू; तिला बाजूला कशाला नेता? पावसाच्या पार्श्वभूमीवर शाळांना सुट्टी मिळते, तेवढे ऐकून घेतो; भौतिकीत तरी हा शब्द घुसवू नका. 'अधःस्तर'सुद्धा मला पटत नाही. एक उदाहरण घ्या: सब्स्ट्रेट म्हणून वापरलेली स्ट्रॉन्शियम टायटेनेट या स्फटिकाची चकती साधारण अर्धा मिलिमीटर जाड, तिच्यावरचा आयर्न सेलेनाइडचा एकेरी थर जेमतेम अर्धा नॅनोमीटर. दहा लाख पट जाड ठोकळ्याला स्तर म्हणायचे?

खरी गंमत पुढेच आहे. लॅटिन 'स्ट्राटुम' म्हणजे पसरलेले. आणि पलंगपोस, बिछाना हाही त्याचा जुना अर्थ. त्याचा धातू आणि संस्कृत 'स्तृ' सख्खे भाऊ. स्तृवरून स्तर, त्यावरून आपला दहीहंडीचा थर, प्रस्तरवरून पाथरवट, आणि आस्तरणवरून अंथरूण! (पसरणे मात्र 'सृ'चे, त्याला या कुळात ओढू नये.) कपड्याचे अस्तर फारसीतून आले, म्हणून काही शुद्धिवादी नाक मुरडतात. मुरडोत. तेही याच घराण्यातले, फक्त इराणमार्गे आलेले. उलट काही जण ते थेट संस्कृतातून आल्याचे ठासून सांगतात. त्यांनी कोश उघडावा.

आता पदार्थाकडे बघा. आयर्न सेलेनाइडचा ठोकळा सुमारे 8 केल्विन तापमानाला (शून्य केल्विन म्हणजे उणे 273 सेल्सिअस) अतिवाहक होतो, म्हणजे विजेला जराही अडवत नाही, हे 2008 साली कळले. हेच इथले फेज ट्रान्झिशन. 2012 मध्ये बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या गटाने त्याचा एकच थर स्ट्रॉन्शियम टायटेनेटवर वाढवला, आणि पुढच्या मोजमापांत अतिवाहकतेच्या खुणा 65 केल्विनच्या आसपासपर्यंत दिसल्या. तोच थर ग्राफीनवर (कार्बनच्या अतिपातळ पत्र्यावर) वाढवला तर 2.2 केल्विनपर्यंतही अतिवाहकता नाही. बदलले काय? अंथरूण! सेलेनाइडच्या अणूंच्या जाळीचे घर 3.77 अँगस्ट्रॉमचे (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर), टायटेनेटचे 3.905, थर ताणून त्याच्या मापाला बसतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ते हे असे. शिवण शिकवणाऱ्या बाईही सांगतात, अस्तर आधी भिजवून घ्या, नाहीतर ते आटून वरच्या कापडाला चुण्या पडतात. नुसत्या ताणाने मात्र सगळे भागत नाही. टायटेनेटकडून थराला इलेक्ट्रॉन मिळतात आणि तिथल्या ऑक्सिजनच्या कंपनांचाही हात असावा. कोणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.

म्हणून लेखात 'अस्तर' लिहा. अंथरूण मला जास्त आवडते, पण संपादक हसतील.

अरे हो, फेज ट्रान्झिशन. अवस्थांतर लिहा.