रविवार नको, तिथी बघा

प्रश्न: ताई, मुलांना खडकातल्या डबक्यांतले जीव दाखवायला दोन रविवार गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर गेलो, दोन्ही वेळा पाणीच पाणी. तिसऱ्यांदा जमलं तर मुलाने शंखातला खेकडा आणि एक चिमुकला मासा बादलीतून घरी आणला, रात्रीपर्यंत दोन्ही मेले, पोरगा जेवलाच नाही. काय चुकलं आमचं?
— एक आई, म्हापसा

उत्तर: अहो, रविवार बघून गेलात तिथेच चुकलं! समुद्र तिथीवर चालतो. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस सुकती म्हणजे ओहोटी सगळ्यात खोल जाते, अष्टमी-नवमीला गेलात तर खडक धड उघडेच पडत नाहीत. खोल सुकतीच्या दिवसांत आपल्याकडे साधारण पहाटे पाच ते सात आणि मग परत संध्याकाळी पाणी उतरतं, रोज 50एक मिनिटं उशिरा, पण दोन्ही ओहोट्या सारख्या नसतात म्हणून मोबाइलवर मुरगाव बंदराचं टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, पाण्याच्या उंचीचा मीटरचा आकडा जिथे लहान ती वेळ धरा. तासभर आधी पोचा आणि पाणी चढायला लागलं की निघा. हिरव्या शेवाळावर पाय नको. पावसाळ्यात तर जाऊच नका.

आता बादली. एवढ्याशा पाण्यातला ऑक्सिजन लगेच संपतो. डबक्यातलं पाणीही तापतं हो, पण तिथे काही तासांत समुद्र परत येतो, बादलीत कोण येणार? रिकामे शंखसुद्धा आणू नका, तो खेकडा वाढला की त्याला मोठा शंख शोधावा लागतो, आपण शोकेसमध्ये ठेवलेलं ते त्याचं घर असतं. दगड उलटवलात तर होता तसाच परत ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात.

मुलाला पुढच्या वेळी बार्नकल दाखवा. खडकावर ज्वालामुखीसारखे पांढरे खरखरीत टेंगूळ असतात ना, तेच, पाय कापतात आपले त्याने. दिसतो शिंपल्यासारखा पण जात सुंगटा-कुर्ल्यांची, म्हणजे कोळंबी-खेकड्यांची, डोकं खडकाला चिकटवून आयुष्यभर तसाच, आणि खातो पायांनी! पाण्याखालचा एखादा निवडा, दोन मिनिटं गप्प बसा, पिसासारखे पाय आतबाहेर करताना दिसतील. माझा भाचा अर्धा तास हलला नव्हता.

आणि हो, निमुळता नक्षीदार, आइस्क्रीमच्या कोनासारखा शंख दिसला तर हात लावू देऊ नका, आत गोगलगाय जिवंत असली तर तिचा डंख विषारी असतो.